आमची वाटचाल: खालचे वीस फूट

रायगडाच्या महादरवाज्याचे दोन बुरूज, एक ७५ फुटांचा आणि दुसरा ६५ फुटांचा सांगतात. शूटिंगसाठी एवढं बांधकाम कोणी करत नाही, आणि मूळ गडावर खिळासुद्धा ठोकता येत नाही, कारण ते संरक्षित स्मारक आहे. म्हणून खालचे १८-२० फूट खरे उभारायचे आणि वरचा बुरूज व्हीएफएक्सवाल्यांनी, म्हणजे दृश्य-परिणाम करणाऱ्यांनी, संगणकावर चढवायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. चित्रपटांसाठी गडांच्या भिंती बनवणारा आमचा कारखाना त्या खालच्या वीस फुटांवर उभा आहे.

वीस हा आकडा अंदाजाने आलेला नाही. सिनेमाच्या कॅमेऱ्यातल्या सुपर ३५ मापाच्या सेन्सरची उंची साधारण १४ मिलिमीटर धरा. कॅमेरा भिंतीपासून ४० फुटांवर, जमिनीपासून ५ फूट उंच आणि सरळ रोखलेला. २४ मिलिमीटरची लेन्स लावली तर फ्रेमची वरची कड भिंतीवर पावणेसतरा फुटांना लागते. म्हणजे वीस फुटी भिंत पूर्ण फ्रेम भरते, वर तीन फूट शिल्लक राहतात आणि त्या शॉटला व्हीएफएक्सचा एक पैसा लागत नाही. कॅमेरा १० अंश वर उचलला की हीच कड २५ फुटांच्या आसपास जाते. तिथून पुढचं काम संगणकाचं. सेटची उंची ठरवायची ती या हिशेबाने, आणि तीसुद्धा कॅमेरामनला लेन्स विचारल्यावर. ‘ग्लॅडिएटर’साठी माल्टात कोलोसियमचा ५२ फुटांपर्यंतचा भाग खरा बांधला आणि वरचे मजले संगणकावर चढवले, तेही याच तत्त्वावर.

आमचे पहिले भागीदार मिस्त्रीकाका नाटकाच्या नेपथ्यातून आलेले. काळ्या कातळाचे मोल्ड, म्हणजे साचे, त्यांनी बसवले, आणि आजही पद्धत तीच आहे. खाणीतून घडीव दगड आणायचे आणि शेडमध्ये ४ बाय ३ फुटांची भिंत रचायची. तिच्यावर मेणाचा हात द्यायचा आणि सिलिकॉनचे तीन थर मारायचे. पहिला थर पातळ आणि ब्रशने, नाहीतर दगडाच्या खाचेत बुडबुडे अडकतात आणि त्या मोल्डमधून काढलेल्या प्रत्येक पॅनलवर तेच फोड उठतात. पाठीमागे फायबरचं कवच. एका भिंतीसाठी निदान सहा वेगळे मोल्ड लागतात, आणि पॅनल लावताना उलटेसुलटे फिरवायचे. नाहीतर एकच खोबण दर चार फुटांनी दिसते आणि प्रेक्षकाच्या डोळ्याला ते बरोबर कळतं.

भिंतीचे खालचे सात फूट फायबरचे, त्याच्या वरच्या भागात पीओपी आणि काथ्या. तलवार, भाला लागला की पीओपीचा टवका उडतो आणि आतलं पांढरं उघडं पडतं. म्हणून काका पीओपी कालवतानाच त्यात काळा रंग घालायचे. त्यांच्या वहीत प्रत्येक मोल्डचा नंबर, रंगाचं प्रमाण, कोणता हात आधी आणि कोणता नंतर, चुन्याचे सांधे किती फिकट, सगळं लिहिलेलं आहे. त्या वहीनेच पुढे आम्हाला तारलं.

एका मोठ्या ऐतिहासिक चित्रपटाचं काम आमच्याकडे आलं. तटबंदी, बुरुजांआड वळणात लपवलेला गोमुखी दरवाजा, वर फांजी (तटावरची चालायची वाट) आणि चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे). आमचं कोटेशन वीस फुटांचं होतं. दुसऱ्या एका ठेकेदाराने निर्मात्यांना पटवलं की आता सगळं व्हीएफएक्समध्ये होतं, दहा फूट पुरे. दगडाचं काम आमच्याकडेच राहिलं, पण उंची दहा फूट झाली, आणि मागच्या निळ्या कापडाची, म्हणजे संगणकावर कापून काढायच्या पडद्याची, उभारणी त्या ठेकेदाराकडे गेली. आम्ही लेखी कळवलं. वर सांगितलेल्या हिशेबाने ४० फुटांवरून ५० ची लेन्स लावली तरी दहा फुटी भिंत सहा-सात इंच अपुरी पडते. २४ च्या लेन्सला कॅमेरा १७ फुटांच्या आत आणावा लागतो. युद्धाचा प्रसंग १७ फुटांवरून कसा घेणार? उत्तर आलं नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. प्रत्येक शॉट व्हीएफएक्सचा झाला. निळं कापड भिंतीच्या मागे जेमतेम चार फुटांवर ताणलं होतं, त्यामुळे चर्यांच्या कडांवर निळी झाक चढली. पडदा आणि वस्तू यांत दहा-बारा फूट अंतर हवंच. वाऱ्याने कापड फडफडलं, सुरकुत्यांच्या सावल्या पडल्या. धुळीसाठी उडवलेली मुलतानी माती, घोड्यांची आयाळ, झेंड्यांच्या झालरी, सगळं कापडाच्या कडेवर आलं आणि फ्रेमगणिक हाताने कापत बसावं लागलं.

त्याहून मोठी चूक उन्हाची. सूर्य ४५ अंशांवर असला तर ७५ फुटी बुरुजाची सावली ७५ फूट पडते, दहा फुटी सेटची दहाच फूट. सूर्य भिंतीमागे होता. भिंतीपासून तीस फुटांवर उभे असलेले मावळे खरं तर सावलीत हवे होते, आणि ते लख्ख उन्हात होते. संगणकावर बुरूज चढवला तेव्हा तो आकाशात चिकटवल्यासारखा दिसला, कारण जमिनीवर त्याची सावलीच नव्हती. अशी चूक रंग जुळवून सुधारत नाही. शूटिंगच्या वेळीच क्रेनवर काळ्या कापडाच्या चौकटी धरून ती सावली पाडावी लागते, नाहीतर सूर्य बाजू बदलेपर्यंत थांबावं लागतं.

शेवटच्या दिवशी रात्रीतच सेट पाडला, जागेचं भाडं वाचवायला. मोजमाप नाही, स्कॅन नाही. दोन महिन्यांनी आम्हाला कळवलं की तुमचा दगड खोटा दिसतो, वरचा भाग त्याच्याशी जुळत नाही. आमचे उरलेले हप्ते अडकवले. बिलाची निम्मी रक्कम होती ती. सुतार, मोल्डर, पेंटर यांचा पगार आम्ही टेम्पो विकून दिला. पुढचे अकरा महिने शेडमध्ये नवं काम आलं नाही, कारण दगड खोटा निघाल्याची बातमी सगळीकडे पोचली होती.

एका कला दिग्दर्शकांनी पहिल्या वर्षापासून आम्हाला काम दिलं होतं. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांचा फोन आला, “मोल्ड ठेवलेत ना?” मोल्ड होते, नंबर होते, काकांची वही होती. शेडच्या आवारात १२ बाय १० फुटांची तीच भिंत पुन्हा उभी केली, त्याच प्रमाणाने रंगवली. ढगाळ दिवस धरला, कारण कडक उन्हात सावली पोतातच छापली जाते. रंगाचा चार्ट आणि मोजपट्टी भिंतीला लावून, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर ७० टक्के चढेल असे काढले. त्यावरून व्हीएफएक्सच्या मुलांनी दगडाचा पोत त्रिमितीत उभा केला आणि वरचे मजले खालच्या दगडाशी जुळले. दगड खोटा नव्हता, त्यांच्याकडे दगडाची नोंदच नव्हती. हे दादांनी सगळ्यांसमोर सांगितलं. थोडे पैसे नंतर आले. शेवटचा हप्ता आजवर आलेला नाही, आणि श्रेयनामावलीत आमच्या एकाही कारागिराचं नाव नाही.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

नव्या मुलांना आम्ही हेच सांगतो: सेट पाडण्याआधी अर्धा दिवस मागून घ्या, लेखी मागा. टोटल स्टेशनने, म्हणजे मोजणीच्या यंत्राने, कोपऱ्यांचे बिंदू घ्या. उजेड कुठून आणि कसा येतो ते टिपायला प्रत्येक उजेडात क्रोमचा आणि करड्या रंगाचा गोळा धरून फोटो काढा. स्लेटच्या (क्लॅपच्या पाटीच्या) नंबरसमोर लेन्स, कॅमेऱ्याची उंची आणि झुकाव लिहा. हे दोन मिनिटांत होतं. भिंतीची वरची कड सरळ रेषेत संपवू नका, दगड पुढेमागे सोडा, म्हणजे जोड लपतो. जोडाच्या वरही दोन फूट पक्कं रंगकाम करा, जुळवायला तेवढं लागतं. भिंतीवर शेवाळ रंगवलं असेल तर मागे हिरवा पडदा लावू देऊ नका, निळाच मागा. नाहीतर पडद्याबरोबर शेवाळही कापलं जातं.

मिस्त्रीकाका आता शेडमध्ये येत नाहीत. वही आमच्याकडे आहे, तिची पानं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातली आहेत. दगडाचे मोल्ड नंबरवार फडताळावर आहेत, आणि त्या दहा फुटी भिंतीचे सहा मोल्ड अजून कामात आहेत.