विकत घेतलेली गाणी दुकानातून घरी आणताना

पैसे मोजून घेतलेलं गाणं नेमकं कुठे ठेवलेलं आहे, हा प्रश्न ऑनलाइन दुकान चालू असेपर्यंत कुणाला पडत नाही. फ्लिपकार्टचं 'फ्लाइट' हे गाण्यांचं दुकान फेब्रुवारी २०१२ मध्ये उघडलं आणि जून २०१३ मध्ये बंद झालं. घेतलेली गाणी उतरवून घ्यायला त्यानंतर साधारण दोन महिने मिळाले. गूगल प्ले म्युझिकने भारतात २०१६ मध्ये गाणी विकायला सुरुवात केली. २०२० अखेर तेही मिटलं आणि २४ फेब्रुवारी २०२१ पासून उरलेला साठा पुसला जाऊ लागला. ज्यांनी फाइल उतरवून ठेवली त्यांच्याकडे ती आजही वाजते. बाकीच्यांकडे ईमेलमधली पावती आहे.

अ‍ॅपलचं आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आलं आणि ते अजून चालू आहे, म्हणून सवडीने काम करायची संधीही अजून आहे. माझ्या संग्रहाचा मोठा भाग तिथलाच: नाट्यसंगीत, भावगीतं, ख्यालाच्या मैफली. तो सगळा स्वतःच्या डिस्कवर आणताना जी पद्धत ठरत गेली ती इथे मांडतो.

उतरवायला बसण्याआधी विकतचं आणि भाड्याचं वेगळं करावं लागतं, कारण आयट्यून्समध्ये (मॅकवर आता 'म्युझिक' अ‍ॅपमध्ये) दोन्ही एकाच यादीत, एकाच रुपात दिसतं. गाण्यांच्या यादीत वरच्या शीर्षकपट्टीवर राइट-क्लिक करून 'काइंड' आणि 'क्लाउड स्टेटस' हे दोन रकाने उघडायचे. 'पर्चेस्ड एएसी' म्हणजे खरी खरेदी: २५६ केबीपीएसची, कुलूप (नक्कल रोखणारं बंधन) नसलेली एम४ए फाइल. 'अ‍ॅपल म्युझिक एएसी' म्हणजे वर्गणीचा माल. ती फाइल डिस्कवर दिसते, पण कुलूपबंद एम४पी असते आणि वर्गणी थांबली की वाजायची थांबते. तिची प्रत जपण्यात काही अर्थ नाही. 'मॅच्ड' लिहिलेलं दिसलं तर सावध राहायचं. म्हणजे तुमच्या फाइलची ओळख पटवून अ‍ॅपलच्या क्लाउड सेवेने स्वतःकडची आवृत्ती तिला जोडली आहे. एकाच गायकाची एकच बंदिश दोन मैफलींत असली तर ही ओळख चुकू शकते. म्हणून मूळ फाइल डिस्कवर असेल तर 'नंतर क्लाउडवरून घेऊ' म्हणून ती कधीही पुसायची नाही.

हे पाहून झालं की एक स्मार्ट प्लेलिस्ट करायची, अट एकच: क्लाउड स्टेटस 'पर्चेस्ड'. खाली गाण्यांची संख्या, एकूण वेळ आणि आकार दिसतो. तो आकडा टिपून ठेवायचा, पण त्यावर विसंबायचं नाही. कंपनीने एखादा अल्बम दुकानातून काढून घेतला असेल तर तो खरेदीच्या यादीतूनही नाहीसा होऊ शकतो. पूर्ण यादी मिळते ती पावत्यांमधून. ईमेलमध्ये दुकानाच्या नावाने शोध घ्यायचा. प्रत्येक पावतीत गाणं, अल्बम आणि किंमत असते. त्यातून एक साधी स्प्रेडशीट केली की काय हाती आलं आणि काय राहिलं हे नक्की सांगता येतं. काम कंटाळवाणं आहे, पण यादी नसेल तर हरवलेलं गाणं हरवलं आहे हेसुद्धा कळत नाही.

उतरवणं त्यामानाने सोपं. विंडोजवर आयट्यून्समध्ये 'अकाउंट' मेन्यूत खरेदीचं पान उघडायचं, 'म्युझिक' निवडायचं, 'नॉट इन माय लायब्ररी' दाबायचं आणि ढगाच्या चिन्हाने सगळं एकदम मागवायचं. मॅकच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये दुकान आधी दिसतच नाही. सेटिंग्जच्या 'जनरल' पानावर 'आयट्यून्स स्टोअर'समोर खूण करावी लागते. मध्येच नेट गेलं तर अर्धवट गाणी 'चेक फॉर अव्हेलेबल डाउनलोड्स'ने पुन्हा सुरू होतात. यादी अपुरी वाटली तर खात्याच्या सेटिंगमध्ये 'हिडन पर्चेसेस' बघायचं. कधीतरी नकोसं म्हणून लपवलेलं गाणं तिथे सापडतं.

जागेचा हिशोब: २५६ केबीपीएसला मिनिटाला सुमारे १.९ एमबी लागतात. पाच मिनिटांची हजार गाणी साडेनऊ जीबीच्या आसपास जातात, तासाभराचा राग ११५ एमबीपर्यंत. म्हणजे बहुतेकांचा आयुष्यभराचा विकतचा संग्रह ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतो. आळसाला जागेची सबब चालत नाही.

अडचण खरी येते ती देश बदलणाऱ्यांना. पुण्याहून न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला गेलात आणि अ‍ॅपल खात्याचा देश बदललात, तर भारतीय दुकानातली जुनी खरेदी नव्या दुकानातून पुन्हा उतरवता येईलच असं नाही. ती ज्या देशात घेतली त्याच देशाच्या दुकानातून मिळते. म्हणून देश बदलण्याआधी सगळं उतरवून घ्यायचं. त्याचबरोबर खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तपासायचा. लॉगिनचा कोड भारतातल्या नंबरवर येत असेल आणि तो नंबर ९० दिवस वापरात नसेल, तर तो बंद होऊन दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. परदेशातला नंबर आधी जोडायचा, तो चालतोय हे पाहायचं, मगच जुना काढायचा. घरात दोन खाती असतील तर आणखी एक नियम लक्षात ठेवायचा: एका खात्याची जुनी खरेदी ज्या संगणकावर उतरवली, तो संगणक पुढचे ९० दिवस दुसऱ्या खात्याला त्या कामासाठी जोडता येत नाही. आईच्या खात्याची गाणी आणि स्वतःची गाणी वेगवेगळ्या संगणकांवर उतरवणं सोयीचं.

दुकानातून नाहीशी झालेली गाणी जुन्या उपकरणांतून निघतात. कपाटातला आयपॉड चालू होत असेल तर तो पहिला. जोडताना विंडोजवर शिफ्ट आणि कंट्रोल (मॅकवर कमांड आणि ऑप्शन) दाबून ठेवायचं, म्हणजे आपोआप सिंक सुरू होत नाही. 'इरेझ अँड सिंक' असं विचारलं तर नाहीच म्हणायचं. मग फाइल मेन्यूत 'डिव्हायसेस' आणि त्यात 'ट्रान्सफर पर्चेसेस'. याने काम झालं नाही तर आयपॉड डिस्क म्हणून उघडायचा, लपवलेल्या फाइली दाखवा असं सांगायचं आणि 'आयपॉड कंट्रोल' फोल्डरमधला 'म्युझिक' फोल्डर जसाच्या तसा कॉपी करायचा. आत एफ००, एफ०१ अशी फोल्डरं आणि चार अक्षरांची निरर्थक नावं दिसतील. घाबरायचं कारण नाही, गाण्याची खरी माहिती फाइलच्या आत टॅगमध्ये असते. ही फाइल नव्या लायब्ररीत टाकली की नाव परत दिसतं. मॅकवर फॉरमॅट केलेला आयपॉड मात्र विंडोज वाचत नाही.

अमेरिकेत २००३ ते २००९ या काळात घेतलेल्या गाण्यांचा प्रकार वेगळा. त्यांतली बहुतेक १२८ केबीपीएसची, कुलूपबंद एम४पी असतात आणि अधिकृत केलेल्या संगणकावरच वाजतात; एका खात्याला असे पाचच संगणक मिळतात. यावर सरळ मार्ग दोन: गाणं अजून दुकानात असेल तर आयट्यून्स मॅच या, गाणी ओळखून स्वतःकडची प्रत देणाऱ्या अ‍ॅपलच्या सेवेची वर्गणी घेऊन कुलूप नसलेली प्रत उतरवणं, नाहीतर ऑडिओ सीडी लिहून ती परत वाचून घेणं. सीडीच्या मार्गाने एएसी पुन्हा दाबू (कॉम्प्रेस करू) नका. एकदा दाबलेलं पुन्हा दाबलं की झांजा आणि तंबोऱ्याचा नाद पहिल्यांदा बिघडतो. सीडीवरून फ्लॅक किंवा अ‍ॅपल लॉसलेस (आवाज न गमावता साठवणारे फाइलप्रकार) करायचं, जागा गेली तरी चालेल.

प्ले म्युझिकची गाणी वेळेत यूट्यूब म्युझिककडे हलवली असतील तर ती तिथल्या 'अपलोड्स'मध्ये असतात आणि गूगल टेकआउटने परत मिळतात. टेकआउटमध्ये आधी सगळ्या खुणा काढायच्या, फक्त यूट्यूबची ठेवायची आणि आतल्या पर्यायांत संगीताचे अपलोड्स तेवढे निवडायचे. नाहीतर स्वतःचे सगळे व्हिडिओही झिपमध्ये येतात. झिपच्या तुकड्याचा आकार २ जीबी ठेवलेला बरा. आपल्याकडच्या नेटवर ५० जीबीचा एकच तुकडा शेवटच्या टप्प्यात तुटला की सगळी मेहनत पाण्यात, आणि दुवा काही दिवसांतच बाद होतो. बँडकॅम्प या दुकानातून घेतलेलं असेल तर काम सर्वांत सुखाचं: कलेक्शनमधून फ्लॅक निवडून उतरवायचं, एमपी३ नंतर हवी तेव्हा त्यातून करता येते.

आता नावांचं प्रकरण, मराठी संग्रहाला हमखास छळणारं. फाइलचं नाव देवनागरीत असलं की प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त हे सगळं यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन-तीन बाइट घेतं. लिनक्सवर आणि घरातल्या बहुतेक नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवर) नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची फक्त ८५ चिन्हं. 'गीत – गायक – नाटक – राग' अशी लांब नावं तिथे कॉपीच होत नाहीत.

त्याहून चकवा देणारा आहे 'ऱ'. वाऱ्या, दऱ्या, सुऱ्या यांतला ऱ युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असाही. मॅकच्या जुन्या, एचएफएस प्लस फॉरमॅटच्या डिस्का तो फोडून साठवतात. विंडोजवर टाइप केलेला बहुधा एकसंध असतो. डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच दिसतात, पण नॅसला ती दोन वेगळी नावं वाटतात. परिणाम असा की दोन ठिकाणांहून प्रत घेतल्यावर बाकी अल्बम नीट बसतो आणि ऱ असलेली तेवढी गाणी दुप्पट होतात. यावर माझा उपाय ठरलेला आहे: फाइलचं नाव दुकानातून आलं तसं रोमनच ठेवायचं, देवनागरी फक्त टॅगमध्ये.

टॅगमध्येही एमपी३ असेल तर आयडी३ (एमपी३चा टॅग लिहायची पद्धत) ची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ निवडायचं. एमपी३टॅग या (विंडोजवर मोफत) प्रोग्रॅममध्ये ही निवड सेटिंगमध्ये आहे. आयडी३ ची पहिली आवृत्ती काढून टाकायची; तिच्यात नावाला तीसच बाइट असतात आणि देवनागरी तिला कळत नाही, म्हणून काही प्लेअर तीच वाचून प्रश्नचिन्हांची रांग दाखवतात. गाडीतल्या स्टिरिओवर चौकोन दिसले तर तिथे बहुधा फॉन्टच नसतो, टॅगला दोष देऊ नका. नाट्यसंगीताच्या संकलनात दर पदाचा गायक वेगळा असल्याने एकाच अल्बमचे आठ तुकडे होतात. 'अल्बम आर्टिस्ट' सगळीकडे एकच लिहिला की तो जुळतो.

टॅगला हात लावण्याआधी सगळ्या उतरवलेल्या फाइलींची एक प्रत 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि ती पुन्हा उघडायची नाही. कामाची प्रत वेगळी. लायब्ररी वेगवेगळ्या फोल्डरांत विखुरली असेल तर 'कन्सॉलिडेट फाइल्स' हा पर्याय सगळं एका मीडिया फोल्डरमध्ये आणतो. मूळ जागच्या फाइली तशाच राहतात, त्यामुळे डिस्कवर दुप्पट जागा लागते. प्लेलिस्ट, तारे आणि किती वेळा ऐकलं हे गाण्याच्या फाइलमध्ये नसतं, लायब्ररीच्या डेटाबेसमध्ये असतं. म्हणून 'एक्स्पोर्ट लायब्ररी'ने एक्सएमएल फाइलही काढून घ्यायची. नुसतं मीडिया फोल्डर उचललं तर गाणी येतात, वर्षानुवर्षं लावलेला क्रम येत नाही.

प्रती तीन: एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे भावाच्या घरी किंवा एखाद्या क्लाउड साठ्यात. बाहेरच्या डिस्कला एक्सफॅट फॉरमॅट दिलं की विंडोज आणि मॅक दोन्ही वाचतात; फक्त 'इजेक्ट' केल्याशिवाय ती उपटायची नाही. 'सिंक'ला प्रत समजू नका. एका बाजूला पुसलं की सिंक दुसऱ्या बाजूलाही इमानाने पुसतं. क्लाउडवर ठेवताना हेही ध्यानात असू द्या की आयट्यून्सवर घेतलेल्या प्रत्येक फाइलच्या आत खरेदीदाराचं नाव आणि खात्याचा ईमेल लिहिलेला असतो. सार्वजनिक दुवा देऊ नये.

शेवटी तपासणी. आकार आणि संख्या जुळणं पुरेसं नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' आहे, मॅकवर 'शासम -a 256'. दोन्हींनी प्रत्येक फाइलचा शा-२५६ आकडा, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, निघतो. 'मूळ' फोल्डरची अशी यादी करून ती तिन्ही प्रतींबरोबर ठेवायची. टॅग बदलला की हा आकडा बदलतो, म्हणून यादी 'मूळ'चीच करायची, कामाच्या प्रतीची नाही. फ्लॅकमध्ये आवाजाचा एमडी५ आकडा फाइलच्या आतच असतो, त्यामुळे ती स्वतःची तपासणी स्वतः करू शकते. एम४ए आणि एमपी३ मुळात नीट उतरल्या का हे पाहायला एफएफएमपेग या प्रोग्रॅमला पूर्ण फाइल वाचायला लावायची, आवाज कुठेही न लिहिता. अर्धवट उतरलेली फाइल तिथे बहुधा त्रुटी दाखवते.

वर्षातून एकदा बाहेरची डिस्क जोडून ही यादी पुन्हा ताडून पाहायची. एखाद्या फाइलचा आकडा जुळला नाही तर दुसऱ्या प्रतीवरून तेवढीच फाइल परत ठेवायची. एकाच डिस्कवर अशा दोन-चार निघाल्या तर डिस्कच बदलायची.