सहा मिलिमीटरची गाठ

आज दिवसभर थायरॉइडच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट वाचताना दक्षिण कोरियाच डोक्यात होता. १९९९ मध्ये तिथे सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली. थोडे जादा पैसे भरून लोक मानेचीही सोनोग्राफी करून घेऊ लागले. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट! मृत्युदर मात्र होता तिथेच. सापडत होते ते बहुतेक पॅपिलरी प्रकारचे, सावकाश वाढणारे. ऑपरेशननंतर बहुतेकांना जन्मभर रोज उपाशीपोटी थायरॉइड हॉर्मोनची गोळी, सुमारे ११ टक्क्यांना थायरॉइडमागच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्याने कॅल्शियमची कमतरता, २ टक्क्यांना स्वरतंतूंचा लकवा. केवढी किंमत ही!

टीआय-रॅड्स (सोनोग्राफीत गाठीबद्दल कॅन्सरची शंका किती, ते सांगणारी श्रेणी) ५, म्हणजे सर्वांत जास्त शंकेचा असला तरी १ सेंटिमीटरखालच्या गाठीत पेशी तपासायला सहसा सुई घालत नाहीत, सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. पण गाठ हाताला लागत असेल, आवाज बसला असेल, तर लगेच दाखवा.