‘इतर’च्या फळीवरची स्पॅनिश वाइन: माझा अनुभव

वलेन्सियात स्वस्त आणि चांगली वाइन शोधताना माझा सगळा वेळ खाल्ला तो सुपरमार्केटातल्या एका रॅकने. रिओहा, रिबेरा देल दुएरो, रुएदा या वाइन-प्रदेशांना स्वतंत्र पाट्या आणि उरलेल्या अख्ख्या स्पेनला मिळून एकच: ‘ओत्रास डी. ओ.’, म्हणजे इतर (डी. ओ. म्हणजे नियमांनी ठरवलेला वाइनचा प्रदेश). मला हवं ते सगळं तिथेच, खालच्या फळीवर, एकमेकांत मिसळलेलं. त्यात पुढच्या लेबलवर द्राक्षाचं वाण बहुतेक वेळा नसतंच. मी बोबाल हे लाल वाइनचं वाण शोधत होतो, आणि बाटल्यांवर नावं होती डोंगरांची, शेतांची, कुणाच्या आजोबांची. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘क्रिआन्सा घ्या.’ अहो, क्रिआन्सा हे वाण नाही! लाल वाइन किमान 24 महिने मुरवली, त्यातले निदान 6 महिने (रिओहात 12) ओकच्या पिंपात, एवढंच तो शब्द सांगतो. तीन वेळा तेच उत्तर मिळालं. आजही आठवलं की डोकं तापतं.

सुटका झाली ती वाणाचा नाद सोडून प्रदेश वाचायला लागल्यावर. उतिएल-रेकेना आणि मांचुएला म्हणजे बोबाल. हुमिया, येक्ला म्हणजे मोनास्त्रेल, जिला फ्रान्समध्ये मूर्वेद्र म्हणतात. बिएर्सो म्हणजे मेन्सिया, वाल्देओरासची पांढरी म्हणजे बहुधा गोदेयो. कालातायुद, कांपो दे बोर्हा म्हणजे गार्नाचा. मग बाटली उलटी फिरवायची. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत ‘वारिएदाद’ (म्हणजे वाण) शब्द शोधा. तिथे एकच वाण लिहिलं असेल तर ते किमान 85 टक्के असावंच लागतं. ही पायरी गाळू नका, कारण उतिएल-रेकेनात तेंप्रानियोही भरपूर पिकते आणि पुढून दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.

बोबाल स्वस्त का? जाड साल, गडद रंग, भरपूर आंबटपणा. वर्षानुवर्षं ती दुसऱ्यांच्या फिक्या वाइनला रंग द्यायला घाऊक विकली गेली. रोसादोसाठी, म्हणजे गुलाबी वाइनसाठी, रस काढून घेतल्यावर उरलेली सालं दुसऱ्या टाकीत घालून काळीकुट्ट वाइन करायची, तिला ‘दोब्ले पास्ता’ म्हणतात. ती ओळख अजून पुसली नाही, म्हणून 5 ते 8 युरोत उत्तम बाटली मिळते. माझ्या मते या पैशांत एवढा जोर दुसरं कुठलंच वाण देत नाही.

हो, रोसादो घेताना ‘कोसेचा’चं, म्हणजे द्राक्षतोडणीचं, वर्ष आधी बघा. मागच्या हंगामापेक्षा जुनी असेल तर परत ठेवा. पारदर्शक बाटलीतली, दिव्याखाली उभी राहिलेली तर नकोच. रंग गुलाबीवरून कांद्याच्या सालीकडे झुकलेला दिसला की चव गेलीच समजा. गोदेयोला मात्र दोन-तीन वर्षं चालतात. ती तळलेल्या पापलेटाबरोबर फार छान लागते.

मोनास्त्रेलवर अल्कोहोलचा आकडा वाचा. 14.5 ते 15 टक्के असेल तर खोलीच्या उन्हाळी तापमानाला ती नुसती जळजळते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून साधारण 16 अंशांवर प्या. मेन्सिया आणखी थोडी गार, 14 अंशांवर. तरुण बोबाल पहिल्या घोटाला जीभ आखडेल इतकी तुरट लागली तर ओतून टाकू नका. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सुक्या मटणाबरोबर परत काढा.