ट्विलिंगेटचे हिमनग: आरव्ही घेऊन जाणाऱ्यांसाठी

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर, ट्विलिंगेट गावाकडे आरव्ही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) न्यायची ठरवलीत, तर परतीच्या तारखेत दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. तिथलं वेळापत्रक वारा ठरवतो. फेरीबोट वेळेवर सुटेल का, धुकं हटेल का, काल दिसलेला हिमनग आज कुठे असेल, सगळं त्याच्या मर्जीवर.

आम्ही टोरोंटोहून नोव्हा स्कोशियातल्या नॉर्थ सिडनीला रमतगमत पोहोचलो. तिथून पोर्ट ओ बास्कला फेरी, साधारण सात तासांची. भाडं गाडीच्या लांबीवर असतं, तेव्हा मागच्या सायकल रॅकसकट मोजून बुकिंग करा. आरव्हीतला प्रोपेन गॅस बंद करावा लागतो आणि बोट निघाल्यावर गाडीपाशी जाऊ देत नाहीत. औषधं, स्वेटर, दशम्या-चटणी आधीच वर न्या.

पोर्ट ओ बास्क सोडलं की रेकहाउसचा टापू लागतो. लाँग रेंज डोंगरांवरून इथे असा वारा कोसळतो की पूर्वी आगगाडीचे डबे रुळांवरून उलटत. शेवटी रेल्वेने लॉकी मॅकडूगल या तिथल्याच रहिवाशाला वाऱ्याचा अंदाज सांगायला पैसे देऊन ठेवलं! 1988 मध्ये रेल्वे बंद झाली, ट्रक मात्र अजूनही उलटतात. इशारा असेल तर उंच आरव्हीवाल्यांनी गावातच मुक्काम वाढवावा. अंधार पडल्यावर तर गाडी चालवूच नका. 1904 मध्ये बेटावर चार मूस (भल्यामोठ्या हरणांचा एक प्रकार) आणून सोडले होते, आता लाखाच्या वर आहेत आणि रस्त्याला आपलंच समजतात.

वाटेतल्या गँडर गावी पाण्याची टाकी आणि किराणा भरून उत्तरेला वळा. पुढचा रस्ता छोट्या बेटांवरून, बांधांवरून ट्विलिंगेटला जातो.

हिमनगांसाठी मे-जून उत्तम. आम्ही जून निवडला, कारण मेमध्ये बरेच कॅम्पग्राउंड उघडलेले नसतात. पश्चिम ग्रीनलंडच्या हिमनद्यांपासून तुटलेले हे डोंगर लॅब्राडोर या थंड सागरी प्रवाहाबरोबर इथवर यायला दोन-तीन वर्षं घेतात. त्यांतला बर्फ दहा हजार वर्षांपूर्वीचाही असू शकतो. ट्विलिंगेटजवळच्या क्रो हेडच्या 1876 मधल्या लाँग पॉइंट दीपगृहापाशी उभं राहिलं की 300 फुटांहून जास्त खाली समुद्र दिसतो. लांबून पांढराशुभ्र वाटणारा हिमनग दुर्बिणीतून निळ्या रेघांचा निघाला. भेगांत शिरलेलं पाणी बुडबुड्यांशिवाय गोठतं, म्हणून त्या रेघा. बोटीतून गेलात तर बर्फाचा तुकडा पाण्यात टाकून बघा, कोंडलेली हवा सुटून तडतड आवाज येतो. स्वतःची कयाक असेल तर हिमनगाच्या लांबीइतकं किंवा उंचीच्या दुप्पट, यांतलं जे जास्त असेल तेवढं अंतर राखा. तो अचानक कुशीवर वळतो आणि नव्वद टक्के भाग तर पाण्याखालीच असतो.

निघण्याआधी हिमनग कुठे आहेत ते दाखवणाऱ्या आइसबर्ग फाइंडर या संकेतस्थळाचा नकाशा बघा. एखाद्या वर्षी हिमनग फारच थोडे येतात. जूनमध्येही रात्री हीटर लागतो, म्हणून विजेची जोडणी असलेली जागा घ्या. भारतात फोन करणाऱ्यांची सोय अशी की उन्हाळ्यात न्यूफाउंडलंड आणि भारत यांच्यात बरोब्बर आठ तासांचा फरक असतो, अर्ध्या तासाची भानगड नाही.

परतीच्या फेरीआधी बटाटे संपवा. तिथल्या मातीतल्या रोगांमुळे बटाटे आणि माती बेटाबाहेर नेता येत नाहीत, चिखलाची गाडी धुऊनच सोडतात. आमची शेवटची दोन जेवणं बटाट्याच्या भाजीवरच झाली.