पावती फाडण्याआधी

मास्कसक्तीच्या काळात माझा मास्क बराच वेळ हनुवटीवरच असे, हे आधीच कबूल केलेले बरे. दारावर सुरक्षारक्षक दिसला की तो बोटाने नाकावर चढत असे आणि रक्षकाची पाठ वळली की पुन्हा खाली घसरत असे. आपण नियम मोडत आहोत, असे त्या वेळी मनातही येत नसे. रक्षकाचे समाधान झाले म्हणजे नियमाचेही झाले, असा सोयीस्कर हिशेब होता. महासाथीत शहरे लोकांना मास्क घालायला कशी लावतात, याविषयी पुढे वाचत गेलो, तेव्हा हाच हिशेब शंभर वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठमोठ्या लोकांनीही मांडलेला आढळला.

इन्फ्लुएन्झाची साथ भरात असताना, २४ ऑक्टोबर १९१८ रोजी, त्या शहराच्या नगरमंडळाने सार्वजनिक ठिकाणी मास्क बंधनकारक केला. आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम हॅस्लर यांचा त्यामागे आग्रह होता. नियम मोडणाऱ्यास ५ ते १०० डॉलर दंड किंवा दहा दिवसांपर्यंत कैद अशी तरतूद होती. पण सगळी भिस्त दंडावर ठेवलेली नव्हती. रेडक्रॉसने फेरी बिल्डिंगमध्ये दहा सेंटला एक या दराने मास्क विकायला ठेवले, यमक जुळवलेल्या घोषणा निघाल्या, आणि महायुद्ध चालू असल्यामुळे, युद्धाच्या कामातून अंग चोरणाऱ्यांना ज्या ‘स्लॅकर’ शब्दाने हिणवले जाई, तोच शब्द मास्क टाळणाऱ्यांनाही चिकटवण्यात आला. लाजवणे हा पावती फाडण्यापेक्षा स्वस्त उपाय असतो आणि काही दिवस तो चालतोही. जे तरीही बधले नाहीत त्यांच्यामागे पोलीस लागले. २७ ऑक्टोबर या एका दिवसात शंभराहून अधिक जणांना अटक झाली आणि त्यांतल्या बहुतेकांना ५ डॉलर दंड झाला. दुसऱ्याच दिवशी एका आरोग्य निरीक्षकाने, मास्क घालायला नकार देणाऱ्या लोहाराशी झालेल्या झटापटीत, भर रस्त्यात पिस्तूल चालवले. माणसे जगावीत म्हणून केलेल्या नियमासाठी माणसावर गोळी झाडण्यापर्यंत मजल जायला चार दिवस पुरले.

या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत बोलका वाटतो तो मुष्टियुद्धाचा एक सामना. त्या सामन्यात टिपलेल्या छायाचित्रांत शहरातली अनेक प्रतिष्ठित मंडळी उघड्या तोंडाने बसलेली सापडली आणि त्यांत खुद्द डॉ. हॅस्लर होते. त्यांनी ५ डॉलर भरले. महापौर जेम्स रॉल्फ यांनाही विनामास्क आढळल्याबद्दल त्यांच्याच पोलीसप्रमुखांनी ५० डॉलर दंड केला. कायदा सर्वांना सारखा लागू झाला, ही गोष्ट चांगलीच. पण दंडाची रक्कम खजिन्यात जमा झाली तरी छायाचित्र लोकांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. २१ नोव्हेंबरला भर दुपारी शिट्टी वाजवून सक्ती उठवली गेली, तेव्हा लोकांनी मास्क रस्त्यावरच भिरकावले. जानेवारीत साथ पुन्हा उसळल्यावर तोच नियम परत आणला गेला, पण आता त्याच्याविरुद्ध ‘अँटी-मास्क लीग’ उभी राहिली होती आणि १ फेब्रुवारी १९१९ रोजी तो मागे घ्यावा लागला. याला केवळ ते छायाचित्र कारण नव्हते, हे मान्य. विरळ विणीच्या जाळीदार कापडाने साथ कितपत अडते याविषयी डॉक्टरांमध्येच दुमत होते, आणि एकदा ‘संपले’ म्हणून सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा गळी उतरवणे कुणालाही कठीणच जाते.

याउलट जर्मनीतल्या येना शहराची २०२० मधली पद्धत मला पटते. ६ एप्रिलपासून दुकाने आणि सार्वजनिक वाहनांत तिथे नाकतोंड झाकणे बंधनकारक झाले. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांसाठी कापडी मास्कची शिफारस केली ती ५ जूनला. म्हणजे हे शहर दोन महिने पुढे होते. त्या दिवसांत मास्क विकत मिळण्याचीच मारामार होती. म्हणून शहराने आठवडाभर आधी सूचना दिली, त्यासाठी प्रचारमोहीम चालवली आणि गळ्यातला रुमाल किंवा स्कार्फही चालेल असे सांगितले. जी वस्तू मिळतच नाही ती नसल्याबद्दल कुणाला अडवणे हा नुसता जाच ठरला असता.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मास्कचा नियम एप्रिलपासून होता, पण ५० डॉलरचा दंड आला तो १४ सप्टेंबर २०२० पासून, आणि तोही शेवटचा उपाय म्हणून: आधी मास्क देऊ करायचा आणि तो नाकारला तरच पावती फाडायची. या क्रमाला मी फार महत्त्व देतो, कारण त्याचा परिणाम माझ्यावर झालेला आहे. एकदा एका इमारतीच्या दारातच माझ्या मास्कचे इलॅस्टिक तुटले. परत पाठवणार, असे गृहीत धरून मी वळलोही होतो. तिथल्या रक्षकाने काहीही न विचारता टेबलावरच्या खोक्यातून चिमट्याने एक नवा मास्क काढून माझ्यापुढे धरला, आणि तासाभराने बाहेर पडेपर्यंत तो माझ्या नाकावरच होता.