रीसेट बटण नसलेला डेस्कटॉप: हँग झाल्यावरचा क्रम आणि बटण बसवण्याचं काम

कामाची सद्यस्थिती: रीसेटचं बटण कॅबिनेटला बसलं, वायर मल्टीमीटरने तपासून झाली, बायोसच्या (पीसी सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्क्रीनवर दाबून पाहिलं, लगेच रीस्टार्ट होतंय. लिनक्सच्या बाजूचा वॉचडॉग, म्हणजे सिस्टम गोठली की बोर्ड आपोआप रीसेट करणारा टायमर, अजून बाकी आहे.

तरीही पीसी हँग झाला की हात आधी या बटणाकडे जाता कामा नये. बहुतेक वेळा अख्खा पीसी अडकलेला नसतो, एखादाच थर अडकलेला असतो. तो ओळखला तर फाइली वाचतात.

काय अडकलंय ते बघणं

कॅप्स लॉक दाबा. तो दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही. की दाबल्याची खबर ऑपरेटिंग सिस्टमकडे जाते आणि दिवा लावायचा हुकूम तिथून परत येतो. दिवा लागत-विझत असेल तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, जिवंत आहे, अडकलंय ते ग्राफिक्स किंवा एखादं अ‍ॅप. दिवा ढिम्म असेल तर कीबोर्ड दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून पुन्हा बघा, कारण कधीकधी फक्त तो पोर्ट गेलेला असतो.

दुसरी खूण म्हणजे डिस्कचा दिवा. तो सतत लुकलुकत असेल तर रॅम भरून सगळं काम डिस्कवरच्या स्वॅपवर (रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेवर) गेलेलं असू शकतं. फिरत्या हार्ड डिस्कवर अशा वेळी माउससुद्धा मिनिटभर हलत नाही. पाच मिनिटं थांबा. इथली घाई सगळ्यात महागात पडते, कारण डिस्कवर लिहिणं चालू असतानाच वीज तोडली जाते.

विंडोज

विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर काळी होते, बहुधा एक बीपही ऐकू येते. गेम किंवा व्हिडिओत चित्र गोठलं असेल तर पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा आणि अडकलेलं अ‍ॅप बंद करा.

टास्क मॅनेजरही उघडत नसेल तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. निळसर पडदा आला की खाली उजव्या कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हावरून रीस्टार्ट. तेही अडलं तर कंट्रोल दाबून धरून त्याच चिन्हावर क्लिक करा. आणीबाणीच्या रीस्टार्टचा प्रश्न विचारला जातो. यात सेव्ह न केलेलं सगळं जातं, म्हणून हा मार्ग शेवटी ठेवायचा.

पडदाच काळा असेल तर पॉवर बटण एकदाच, हलकं दाबून सोडा. छोट्या दाबाने वीज जात नाही, सिस्टमला फक्त निरोप जातो. ती जिवंत असेल तर पडद्यावर काही न दिसता रीतसर बंद होते. दोन मिनिटं द्या. मात्र पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावं ते पॉवर ऑप्शन्समध्ये आधीच शट डाउनवर ठेवलेलं हवं. तिथे स्लीप असेल तर अडकलेला पीसी झोपायला जातो आणि उठल्यावर तसाच अडकलेला मिळतो.

लिनक्स

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने टेक्स्ट कन्सोल मिळाला तर तिथून लॉगिन करून दोषी प्रोसेस मारता येते. लॉगिनही होत नसेल तर सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) असलेल्या सिस्टमवर त्याच कन्सोलमध्ये दोन सेकंदांत सातपेक्षा जास्त वेळा कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा, सक्तीने रीबूट होतं.

कन्सोलही नाही मिळाला तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून आर, ई, आय, एस, यू, बी, याच क्रमाने, एकेक सावकाश. आर कीबोर्ड ग्राफिक्सच्या ताब्यातून सोडवतो, ई प्रोसेसना बंद व्हायला सांगतो, आय त्यांना मारतो, एस डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहितो, यू फाइल सिस्टम फक्त वाचण्यापुरत्या करतो, बी रीबूट करतो. ई नंतर पाच-सहा सेकंद थांबा, एस नंतर डिस्कचा दिवा शांत होईपर्यंत. लहान कीबोर्डांवर प्रिंट स्क्रीनसाठी एफएन कीसुद्धा धरावी लागते, ते पीसी चांगला चालू असतानाच पाहून ठेवा.

इथे बरेच जण फसतात. उबुंटूत ऑल्ट-प्रिंट स्क्रीनच्या या सोयीच्या सेटिंगची (kernel.sysrq) मूळ किंमत १७६ असते, म्हणजे १२८ अधिक ३२ अधिक १६. एवढ्यात एस, यू आणि बी चालतात, बाकीची तीन अक्षरं दाबून काहीच होत नाही. सगळी हवी असतील तर किंमत १ करा. नाही केली तरी बिघडत नाही, कारण डिस्क वाचवणारी तीन अक्षरं चालूच आहेत.

पॉवर बटण दाबून धरणं

वरचं काहीच लागू पडलं नाही तर पॉवर बटण दाबून धरा. ठरलेली मर्यादा चार सेकंदांची आहे. काही मदरबोर्ड जास्त वेळ घेतात, म्हणून पंखे थांबेपर्यंत बोट काढू नका. मग तीस सेकंद थांबा, डिस्कच्या तबकड्या थांबतात आणि कपॅसिटर उतरतात. बोर्डावरचा छोटा दिवा तरीही जळत राहील. एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची) जांभळी वायर मागचं स्विच चालू असेपर्यंत बोर्डाला ५ व्होल्ट देतच असते, त्यात बिघाड काही नाही.

दाबून धरूनही बंद होत नसेल तर एसएमपीएसच्या मागचं स्विच शून्याच्या बाजूला करा. केबल ओढून काढू नका. स्विचने बंद केलं तर अर्थिंग जागेवर राहतं, केबल ओढली की तेही सुटतं.

बायोस अपडेट चालू असेल तर यातलं काहीही करायचं नाही. विंडोज अपडेटचा टक्का तासभर हलला नाही तरी डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका. बूट होत असताना पुन्हा पुन्हा वीज तोडणंही टाळा. सलग दोनदा बूट फसला की विंडोज दुरुस्तीच्या स्क्रीनवर जाऊन बसते.

मग रीसेट बटण कशाला?

कारण बहुतेक बोर्डांवर रीसेटने वीज जात नाही. १२ आणि ५ व्होल्ट तसेच राहतात, त्यामुळे डिस्कने स्वतःच्या कॅशमध्ये घेतलेला डेटा तबकडीवर उतरू शकतो. पॉवर बटण दाबून धरलं की तोही जातो. रॅममध्ये राहिलेलं मात्र दोन्हींत जातं. एनटीएफएस (विंडोजची) आणि ईएक्सटी४ (लिनक्सची) या फाइल सिस्टमची जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, फाइल सिस्टमचा सांगाडा सांभाळते, अर्धवट लिहिलेल्या फाइलचा मजकूर परत आणत नाही.

बटणाचं काम

सामान थोडंच: १२ मिमी भोकात बसणारं पुश बटण, साठ सेंटिमीटर दोन पदरी बारीक वायर, २.५४ मिमी अंतराचा दोन पिनांचा मादी कनेक्टर, हीट श्रिंक नळी. बटण दाबल्यावर जोडणारं आणि सोडल्यावर सुटणारंच घ्या. दाबल्यावर आत अडकून राहणारं लावलं तर बोर्ड कायम रीसेटमध्ये राहतो. पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही आणि माणूस रॅम काढून पुसत बसतो. मल्टीमीटर बीपवर ठेवा. दाबल्यावर बीप, सोडल्यावर शांत, असंच हवं.

फ्रंट पॅनेलचा हेडर, म्हणजे कॅबिनेटची बटणं आणि दिवे जोडायच्या बोर्डावरच्या पिना, दोन रांगांचा, नऊ पिनांचा असतो. दहाव्या पिनेची जागा रिकामी, तीच दिशा ओळखायची खूण. नेहमीच्या मांडणीत विषम रांगेत १ आणि ३ डिस्कच्या दिव्याच्या, ५ ग्राउंड, ७ रीसेट. सम रांगेत २ आणि ४ पॉवरच्या दिव्याच्या, ६ पॉवर बटण, ८ ग्राउंड. कनेक्टर ५ आणि ७ वर बसतो. स्विचला अधिक-उणे नसतं, उलटा बसला तरी चालतो. तरी आपल्या बोर्डाची पुस्तिका उघडूनच लावा, काही बोर्डांची मांडणी वेगळी असते.

बटण बसेपर्यंत स्क्रूड्रायव्हरने पिना जोडायचा मोह होतो. टोक जरा सरकून ५ आणि ६ जोडल्या गेल्या तर ते पॉवर बटण दाबल्यासारखं होतं. ७ आणि ९ जोडल्या गेल्या तर जास्त वाईट, कारण काही बोर्डांवर ९ वर ५ व्होल्ट असतात. त्यापेक्षा कनेक्टर लावलेल्या वायरची सोललेली टोकं बाहेर काढून एकमेकांना टेकवणं बरं.

वायर पंख्यापासून दूर, केबल टायने बांधलेली. बटण कॅबिनेटच्या मागच्या बाजूला घेतलंय, पुढे ठेवलं तर गुडघा लागून दाबलं जातं.

नंतरची तपासणी

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद मिळेल. तिच्यात पॉवर बटणाच्या वेळेची किंमत शून्य नसेल तर बटण दाबून धरलं होतं. लिनक्सवर मागच्या बूटचा लॉग बघा, शेवटच्या ओळी जिथे तुटतात तिथून शोध सुरू करा.

बाकी

सिस्टमडीचा वॉचडॉग तीस सेकंदांवर लावायचा आहे. इंटेलच्या चिपसेटवर त्यासाठी आयटीसीओचं (चिपसेटमधल्या वॉचडॉग टायमरचं) ड्रायव्हर मॉड्यूल लागतं आणि ते आपोआप लोड होईलच असं नाही. चाचणीसाठी आधी एस, यू करून मग ऑल्ट-प्रिंट स्क्रीन-सी ने कर्नल मुद्दाम पाडायचा आणि बोर्ड स्वतःहून रीसेट होतो का ते पाहायचं. सी चालायला मात्र वरची किंमत १ लागते. नुसता डेस्कटॉप गोठला आणि कर्नल चालू राहिला तर हा वॉचडॉग हलणार नाही, तिथे एस-यू-बीच.