खुनी कोण, हे ठाऊक असूनही

माझ्या कपाटाशी उभं राहून रहस्यमालिकांच्या डीव्हीडीच्या डब्यांवरची नावं वाचून झाली की माणूस माझ्याकडे वळतो आणि विचारतो, ‘खुनी कोण ते पहिल्यांदाच कळलं ना? मग तेच तेच पुन्हा काय बघता?’ शब्द थोडे इकडेतिकडे, प्रश्न हाच. मी ‘आवडतं, झालं’ म्हणून वेळ मारून नेते. पण तुम्ही परवा हेच विचारलंत ते चेष्टेने नव्हतं. तुम्हाला खरंच कोडं पडलेलं दिसलं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात एका पेन्सिलीपासून झाली. ब्रिटनमधल्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनची शेरलॉक होम्स मालिका 1984 साली सुरू झाली. होम्सच्या भूमिकेत जेरेमी ब्रेट. तिच्या पहिल्याच मोसमात ‘डान्सिंग मेन’ ही गोष्ट आहे. नॉरफोकमधल्या एका जमीनदाराच्या घरी, खिडकीच्या कठड्यावर, अवजारांच्या खोलीच्या दारावर कुणीतरी खडूने काटकुळी नाचणारी माणसं काढून जातं, आणि ती बघून त्याच्या बायकोची पाचावर धारण बसते. पुस्तकात ही चित्रं छापलेली असतात. वाचणारा थांबतो, मोजतो. पहिल्या संदेशात 15 आकृत्या, त्यांत एकच आकृती चारदा. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारं अक्षर ‘ई’, तेव्हा ही ‘ई’ असणार. हातात झेंडा असलेला माणूस आला की शब्द संपला.

टीव्हीवर भाग चालू असताना हे करणार कधी? होम्स कागद हातात घेतो, न्याहाळतो, बाजूला ठेवतो, आणि आपण त्याच्या मागून फरपटत जातो. व्हिडिओ कॅसेट थांबवली तर चित्र थरथरायचं, मधून पांढऱ्या रेघा जायच्या, आणि ती माणसं खरोखरच नाचायला लागायची. डीव्हीडीवर मी पहिल्यांदा पॉज दाबलं तेव्हा चित्र जागच्या जागी गोठलं. वही-पेन्सिल आणली, आकृत्या उतरवून घेतल्या, अर्धा तास डोकं खाजवलं. उत्तर आलं नाही, ते सोडा. पण येऊ शकलं असतं! तो अर्धा तास माझा होता, होम्सचा नव्हता.

रहस्यकथेचा करारच मुळी असा आहे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या, स्वतः रहस्यकथा लिहिणाऱ्या पाद्र्याने 1929 साली या प्रकारच्या लेखनासाठी दहा नियम सांगितले. त्यांतला एक असा, की गुप्तहेराच्या हाती लागलेला धागा वाचकापासून दडवून ठेवायचा नाही. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स या रहस्यकथा लिहिणाऱ्या बायका सगळ्या त्यात होत्या, आणि सभासद होताना वाचकाशी लबाडी न करण्याची शपथ घ्यावी लागे, अर्धी गमतीने, अर्धी खरीच. या करारात एक कलम कुणी लिहिलेलं नाही, कारण पुस्तकाच्या बाबतीत ते लिहायची गरजच नव्हती: वाचकाला पानं मागे उलटता आली पाहिजेत. टीव्हीने कितीतरी वर्षं हे कलम पाळलंच नाही. भाग एकदा होऊन गेला की गेला. दिग्दर्शकाने सचोटीने धागा दाखवला होता की शेवटी खिशातून काढला, हे तपासणार कसं? घरी डिस्क आली आणि पानं उलटायची सोय झाली. मी पुन्हा पुन्हा बघते ती ही तपासणी असते.

दुसऱ्यांदा बघताना मी गुप्तहेराकडे ढुंकूनही बघत नाही. माझी नजर खुन्यावर. दारातून आत येतो कसा, प्रेत सापडल्याची आरोळी ऐकू आल्यावर उठतो किती वेळाने, दुसऱ्यावर संशय आला की श्वास सोडतो का. त्या नटाचं काम किती अवघड आहे बघा. पहिल्या वेळी बघणाऱ्याला त्याच्या चेहऱ्यावर धक्का दिसायला हवा आणि दुसऱ्या वेळी बघणाऱ्याला त्याच चेहऱ्यावर हिशेब. चेहरा एकच, बघणारे दोन. काही नट हे असं काही करतात की मी रिमोट घेऊन एकेक क्षण तीनतीनदा मागे नेते. काही दिग्दर्शक मात्र नेमक्या वेळी कॅमेरा खिडकीकडे वळवतात. पहिल्यांदा ते लक्षात येत नाही. दुसऱ्यांदा चोरी उघडी पडते. (आणि किरकोळ वाटणाऱ्या भूमिकेत फार मोठा नट दिसला की खुनी पहिल्या दहा मिनिटांतच कळतो, हा या सगळ्या मालिकांचा जुना रोग. त्यावर डिस्ककडेही औषध नाही.)

आता एक उदाहरण देते, पण ज्यांनी ख्रिस्तीची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ वाचलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सरळ ओलांडून पुढे जावं. बीबीसीने 1985 साली ती जोन हिक्सन या नटीला घेऊन केली. पुस्तकातला एक महत्त्वाचा धागा म्हणजे एका म्हाताऱ्या मैत्रिणीची जीभ घसरते. ती ‘लेटी’ म्हणायच्या जागी मधूनच ‘लॉटी’ म्हणते. आपल्याकडे लिहायचं तर नुसत्या मात्रेचा फरक. छापील पानावर ती मुद्रणाची चूक वाटते आणि वाचणारा छपाईला नावं ठेवत पुढे जातो. ख्रिस्तीबाईंनी नेमका त्याच सवयीचा फायदा घेतला आहे. पण पडद्यावर छपाई नसते, आवाज असतो. म्हातारी फार स्पष्ट बोलली तर सगळं फुटणार, फार पुटपुटली तर ती लबाडी होणार. आणि डिस्कवर सबटायटल चालू असतील तर आणखी पंचाईत, कारण ते लिहिणाऱ्याला दोनपैकी एक नाव निवडून पडद्यावर उमटवावंच लागतं. तिथे पुटपुटण्याची सोय नाही. तो भाग मी एकदा सबटायटल लावून बघते, एकदा बंद करून, एकदा नुसता डोळे मिटून ऐकते. घरच्यांच्या मते हे वेडाचं लक्षण आहे.

हिक्सनचा विषय निघालाच आहे तर थोडं रेंगाळते. 1940 च्या दशकात ती ख्रिस्तीच्या एका नाटकात छोटी भूमिका करत होती. ते पाहून ख्रिस्तीने तिला चिठ्ठी पाठवली, की तू कधीतरी माझी मिस मार्पल, म्हणजे तिच्या कादंबऱ्यांतली खुनी शोधणारी म्हातारी, करावीस. तो योग आला 1984 साली. तेव्हा ख्रिस्ती जाऊन आठ वर्षं झाली होती आणि हिक्सन 78 वर्षांची होती. 1992 पर्यंत तिने मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्या पुऱ्या केल्या. ती काही करतच नाही, हे तिचं वैशिष्ट्य. कोपऱ्यात विणत बसते. पहिल्यांदा बघताना ती आहे हेही विसरायला होतं. दुसऱ्यांदा बघितलं की कळतं, विणताना सुया कुठे थांबल्या.

त्याच कपाटात, त्याच खणात, आयटीव्ही या ब्रिटिश चॅनेलने 2004 पासून केलेली ‘मार्पल’ही आहे. आधी जेराल्डिन मॅकएवन, नंतर जूलिया मॅकेन्झी. या मंडळींनी ‘द बॉडी इन द लायब्ररी’चा शेवटच बदलला. ज्या कादंबऱ्यांत मिस मार्पल मुळात नाहीच, त्यांतही तिला नेऊन बसवलं. मी पहिल्यांदा बघून इतकी चिडले की डबा दुसऱ्या रांगेत मागे ढकलला. मग एका रविवारी हिक्सनची 1984 ची आणि यांची 2004 ची ‘लायब्ररी’ लागोपाठ लावली. चिडचिड कमी झाली असं नाही, पण एक गोष्ट पटली. शेवट बदलला की पुस्तक पाठ असलेला माझ्यासारखा शहाणाही पुन्हा पहिल्यांदा बघणारा होतो. मला फसवायला त्यांच्यापाशी दुसरा मार्ग कुठे होता? तरीही धागे नव्या शेवटासाठी नव्याने पेरायला हवे होते, आणि तिथे मला ते तोकडे वाटतात. हे मी उगाच म्हणत नाही, दोनदा मागे जाऊन बघितलंय.

याच्या उलट टोकाला ख्रिस्तीचीच ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’. 1926 ची ही कादंबरी ज्या युक्तीवर उभी आहे ती कथा कोण सांगतंय याच्याशी जोडलेली आहे. याहून जास्त बोलणार नाही. कॅमेरा मात्र कुणाचा ‘मी’ होत नाही. तो सगळ्यांकडे बाहेरून बघतो. पॉइरो हा ख्रिस्तीचा दुसरा गुप्तहेर; डेव्हिड सुशेच्या पॉइरो मालिकेने 2000 साली ती केली तेव्हा एका डायरीतला मजकूर पॉइरोच्या आवाजात ऐकवायची पळवाट काढली. युक्ती चांगली, पण पुस्तकात पायाखालची जमीन सरकते तसं इथे होत नाही. तो भाग मी दोनदाच पाहिलाय. तपासायला त्यात फारसं काही उरत नाही.

मालिका सलग हाताशी असली की आणखी एक गोष्ट दिसते, जी प्रसारणाच्या वेळी बघणाऱ्यांना इतकी जाणवली नसेल. ब्रेटच्या मालिकेत होम्स धबधब्यात पडून मेला असं सगळे समजतात आणि पुढच्या मोसमात तो परत येतो. होम्सचा लेखक डॉइल, त्याच्या गोष्टीत त्याला बघून मित्र वॉटसनला घेरी येते. मालिकेत मधल्या काळात वॉटसनच बदलला होता! डेव्हिड बर्कच्या जागी एडवर्ड हार्डविक आला. टीव्हीवर मध्ये महिने गेले होते. मी दोन्ही भाग एका रात्रीत बघितले आणि घेरी होम्सलाच यायला हवी होती असं वाटलं. हार्डविक मात्र थोड्याच वेळात असा मुरतो की बर्क विसरायला होतो. दहा वर्षांत 41 भाग झाले आणि शेवटच्या काही भागांत ब्रेटचं आजारपण लपत नाही. 1994 च्या ‘मॅझरिन स्टोन’मध्ये होम्स जवळजवळ नाहीच, मूळ गोष्टीत नसलेला त्याचा भाऊ मायक्रॉफ्ट सगळा तपास करतो. पुढच्या वर्षी ब्रेट गेला. ती डिस्क मी तपासणीसाठी लावत नाही.

सुशेचं उलटं. 1989 ते 2013, 70 भाग, पॉइरो बहुतेक काळ 1930 च्या दशकातच अडकलेला, आणि नट मात्र चाळिशीतून साठीत गेलेला. शेवटची गोष्ट ‘कर्टन’. ती प्रसारित झाली सगळ्यांत शेवटी, पण त्या मोसमातल्या इतर भागांच्या आधीच चित्रित करून ठेवली होती. सगळ्यांत शेवटी चित्रीकरण झालं ते ‘डेड मॅन्स फॉली’चं, डेव्हनमधल्या ग्रीनवे या ख्रिस्तीच्या स्वतःच्या घरात. डिस्क हातात असल्यामुळे मी तो मोसम चित्रीकरणाच्या क्रमाचा मान ठेवून बघते. आधी ‘कर्टन’, रडून घ्यायचं, आणि शेवटी ग्रीनवेची हिरवळ. हे चॅनेलवाल्यांनी मला करू दिलं नसतं.

डब्यांचे तापही आहेत. डिस्क जगाच्या ठरावीक विभागातल्या प्लेअरवरच चालते: ब्रिटनचा डबा रीजन 2, अमेरिकेचा रीजन 1, आणि प्लेअरला नेमका तो नको असतो. माझा पहिला डबा पडद्यावर फक्त ‘चुकीचा विभाग’ एवढंच दाखवून परत बाहेर आला होता. सत्तरच्या दशकातली इयन कार्मायकलची, सेयर्सच्या गुप्तहेरावरची लॉर्ड पीटर विम्झी मालिका लावली तर घरातलं दृश्य व्हिडिओवर टिपलेलं, गुळगुळीत आणि लख्ख. माणूस दार उघडून बाहेर पडला की एकदम फिल्मचे दाणे आणि मळका उजेड. तेव्हा तशीच पद्धत होती. आधी डोळ्यांना खुपायचं. आता कुणी दाराकडे निघालं की मी वाट बघते.

आणि ‘आता सगळं ऑनलाइन मिळतं की’ हा तुमचा उपप्रश्न. मिळतं, आणि एक दिवस मिळेनासं होतं. का, ते कुणी सांगत नाही. अर्धवट तपास सोडून उठायला मला आवडत नाही.

तपासच करता येणार नाही असंही काही आहे. बीबीसीने 1968 साली पीटर कुशिंगला घेऊन होम्सचे 16 भाग रंगीत केले. त्या काळी व्हिडिओटेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. लोक हे विकत घेऊन घरी बघतील अशी कुणाच्या डोक्यात कल्पनाच नव्हती. त्या 16 पैकी 6 भाग शिल्लक आहेत. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’चे दोन भाग त्यात आहेत, एवढं नशीब. बाकीच्या दहांतले गुन्हेगार कोण ते मला पुस्तकामुळे तोंडपाठ आहे. ते दारातून आत कसे आले, होम्सने नाव विचारल्यावर हातातल्या टोपीचं त्यांनी काय केलं, एवढंच बघायचं राहिलंय.